गतिजन्य विद्युत् चालक प्रेरणा

चुंबकीय क्षेत्रात तांबे, लोखंड, ॲल्युमिनियम यांसारख्या संवाहक (विजेचे सहज वहन करणाऱ्या) पदार्थाचा दांडा क्षेत्ररेषा छेदल्या जातील अशा रीतीने हलविला असता त्याच्या दोन टोकांमध्ये विद्युत् दाबाचा फरक निर्माण होतो. या फरकाला गतिजन्य विद्युत् चालक प्रेरणा म्हणतात. दांडा, क्षेत्र व गती ही तिन्ही परस्परांना लंब असल्यास या प्रेरणेचे मूल्य क्षेत्राची तीव्रता, दांड्याची लांबी व त्याचा वेग यांच्या गुणाकाराइतके असते. दांडा क्षेत्ररेषांना समांतर सरकला, तर प्रेरणा शून्य होते. जलविद्युत् व औष्णिक केंद्रांतील जनित्रे, विहिरीवरील पंपाची मोटार आणि गतिरोधन करताना वीज परत देणारे रेल्वे एंजिन या सर्वांच्या मुळाशी हाच साधा आविष्कार आहे.

दांड्यातील मुक्त इलेक्ट्रॉन दांड्याबरोबर वाहून नेले जातात. गतिमान विद्युत् भारावर चुंबकीय क्षेत्र त्याच्या गतीला व क्षेत्राला लंब दिशेने प्रेरणा लावते. त्यामुळे इलेक्ट्रॉन दांड्याच्या एका टोकाकडे लोटले जातात व दुसऱ्या टोकाला त्यांची उणीव पडते. दोन्ही टोके तारेने जोडून मंडल पूर्ण केले की, प्रवाह वाहू लागतो. प्रवाह वाहू लागताच त्याच क्षेत्राची दुसरी प्रेरणा दांड्यावर कार्य करू लागते व ती दांड्याच्या गतीला विरोध करते. दांडा चालू ठेवण्यासाठी बाहेरून कार्य करावे लागते आणि तेवढीच ऊर्जा विजेच्या रूपाने मिळते. वीज फुकट मिळत नाही, एवढाच याचा अर्थ. परंतु तो विसरून ‘अखंड चालणारी’ यंत्रे रचण्याचे प्रयत्न दीडशे वर्षांत थांबलेले नाहीत.

इतिहास : विद्युत् प्रवाहामुळे चुंबकसूची विचलित होते, हे हान्स क्रिस्तीआन अर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. विजेपासून चुंबकत्व मिळते, तर चुंबकत्वापासून वीज मिळाली पाहिजे, हा विचार त्यानंतर अनेकांच्या मनात होता. अडचण अशी होती की, जवळजवळ सर्वजण स्थिर चुंबकाजवळ स्थिर तार ठेवून प्रवाहाची वाट पाहत होते. फ्रान्स्वा आरागो यांना १८२४ च्या सुमारास तांब्याची फिरती तबकडी तिच्यावर टांगलेल्या चुंबकसूचीला आपल्यामागे ओढते असे आढळले होते. तांबे तर चुंबकीय नाही, मग ही ओढ कशाची, याचे उत्तर त्या काळी कोणालाच देता आले नाही. म्हणजे गतिजन्य प्रेरणा सात वर्षे आधीच प्रयोगशाळेत हजर होती. तिला ओळखणारे कोणी नव्हते.

ती ओळख पटविली मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी. पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारी केलेल्या या शास्त्रज्ञाला गणिताचे शिक्षण नव्हते. क्षेत्ररेषांचे चित्र हेच त्यांचे गणित होते. २९ ऑगस्ट १८३१ रोजी लोखंडी कड्यावर गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांपैकी एकातील प्रवाह चालू वा बंद करताच दुसऱ्यात क्षणिक प्रवाह उमटतो, असे त्यांना दिसले. १७ ऑक्टोबरला त्यांनी वेटोळ्यात चुंबकाची कांडी आतबाहेर केली. २८ ऑक्टोबरला रॉयल सोसायटीच्या मोठ्या चुंबकाच्या ध्रुवांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून, तिच्या आसावर व कडेवर तारा टेकवून त्यांनी अखंड वाहणारा प्रवाह मिळविला. ही तबकडी म्हणजे आसापासून कडेपर्यंत पसरलेल्या असंख्य संवाहक दांड्यांचा जणू एक जुडगा होता, आणि तेच पहिले विद्युत् जनित्र होय. आरागो यांच्या कोड्याचे उत्तरही तिने दिले : तबकडीत उत्पन्न होणारे प्रवाहच सूचीला ओढत होते. फॅराडे यांचा निबंध २४ नोव्हेंबर १८३१ रोजी रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी स्वतंत्रपणे प्रवर्तनाचा शोध लावला होता, परंतु त्यांचे लेखन १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढची प्रगती येथे थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. ईपॉलित पिक्सी यांनी १८३२ मध्ये हाताने फिरविण्याचे जनित्र बनविले. हाइन्रिख लेंट्स यांनी प्रवर्तित प्रवाहाच्या दिशेचा नियम १८३४ मध्ये मांडला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६० नंतरच्या निबंधांत या साऱ्याला समीकरणांचे रूप दिले आणि १८६६–६७ मध्ये व्हेर्नर झीमेन्स व इतरांनी कायम चुंबकाऐवजी स्वतःच्याच प्रवाहाने उत्तेजित होणारे जनित्र साधले. येथून विजेचा व्यापारी उपयोग शक्य झाला.

एक प्रश्न मात्र शिल्लक होता. दांडा हलवून चुंबक स्थिर ठेवला, तर इलेक्ट्रॉनांवर चुंबकीय प्रेरणा कार्य करते असे म्हणावयाचे. चुंबक हलवून दांडा स्थिर ठेवला, तर बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत् क्षेत्र उत्पन्न होते असे म्हणावयाचे. मापकाचा काटा दोन्ही वेळा सारखाच सरकतो. एकाच घटनेची अशी दोन स्पष्टीकरणे का असावीत, हा आक्षेप आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ च्या आपल्या सापेक्षतेवरील निबंधाच्या आरंभीच घेतला आहे.

पृथ्वीच्या क्षेत्रातील दांडा : पृथ्वी हाच मोठा चुंबक असल्यामुळे कोणत्याही हलत्या संवाहकात प्रेरणा उत्पन्न झाली पाहिजे, हे फॅराडे यांच्या तत्काळ ध्यानात आले. जानेवारी १८३२ मध्ये त्यांनी लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावर सु. २९० मी. लांबीची तांब्याची तार ताणून तिच्या टोकांना जोडलेले पत्रे टेम्स नदीत सोडले. वाहते पाणी हाच त्यांचा संवाहक दांडा होता. तीन दिवस निरीक्षण करूनही विश्वसनीय मापन हाती आले नाही. पाण्यातील इतर विद्युत् परिणामांत ते बुडून गेले. तर्क बरोबर होता, मापक अपुरा होता.

जालन्याच्या रेल्वेमार्गावर हाच हिशेब करून पाहता येतो. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा हा मीटरमापी मार्ग १९०० मध्ये पूर्ण झाला. पुढे तो रुंदमापी झाला आणि विद्युतीकरणानंतर ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत गाडी सुरू झाली, ती २०२५ मध्ये नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जात असल्यामुळे जालन्याच्या परिसरात भूचुंबकीय क्षेत्राचा उभा घटक लहान, सु. ०.००००२ टेस्ला एवढाच आहे. आडवा घटक त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. दोन रुळांवर टेकलेला चाकांचा आस हा १.६७६ मी. लांबीचा संवाहक दांडा मानला आणि गाडीचा वेग ताशी १०० किमी. धरला, तर आसाच्या टोकांमध्ये ०.९ मिलिव्होल्टच्या आसपास दाब उत्पन्न होतो. गाडी पश्चिमेकडे धावत असता डाव्या, म्हणजे दक्षिणेकडील टोक धन असते. गंमत अशी की, डब्यात बसलेल्या प्रवाशाने आपल्या मापकाच्या तारा आसाच्या दोन टोकांना लावल्या, तर त्याला काहीच दिसणार नाही. कारण त्या ताराही त्याच वेगाने त्याच रेषा छेदीत असतात. गाडीच्या पुढे काही अंतरावर, परस्परांपासून विलग असलेल्या दोन रुळांना मापक लावून जमिनीवर उभ्या राहिलेल्या माणसालाच हा दाब तत्त्वतः मोजता येईल. प्रत्यक्षात रुळांतून परतणाऱ्या कर्षणप्रवाहाच्या गोंधळात तो हरवून जातो. दांडा पुरेसा लांब व वेगवान असेल, तर मात्र आकडे बदलतात : फेब्रुवारी १९९६ मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून सोडलेल्या सु. २० किमी. लांबीच्या संवाहक दोरात सु. ३,५०० व्होल्ट दाब उत्पन्न झाला होता. नंतर दोर तुटला.

कुलाबा व अलिबाग : महाराष्ट्रात या विषयाचा पहिला व्यवस्थित अभ्यास वीजघरात नव्हे, तर वेधशाळेत झाला. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत कुलाबा येथे १८२६ मध्ये स्थापिलेल्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होऊ लागली. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळात येथील नोंदीत क्षैतिज घटकाची सु. १,६०० नॅनोटेस्ला इतकी घट आढळते. त्या वादळात यूरोप व अमेरिकेत तारायंत्राच्या तारांमध्ये इतके प्रवाह उत्पन्न झाले की, काही ठिकाणी विद्युत् घट काढून ठेवूनही संदेश जात होते. तेथे दांडा स्थिर होता आणि क्षेत्र हलत होते.

मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा वेधशाळेपुढे संकट उभे राहिले. रुळांतून व जमिनीतून परतणाऱ्या प्रवाहांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे सूक्ष्म नोंदी निरुपयोगी झाल्या असत्या. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी अलिबागची जागा निवडली. तेथील इमारतीत लोखंडाचा वापर कटाक्षाने टाळण्यात आला. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा व अलिबाग येथे एकाच वेळी निरीक्षणे घेऊन दोन्ही मालिकांची सांगड घालण्यात आली आणि मगच कुलाब्याचे काम थांबविण्यात आले. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. शहराला वीज हवी होती आणि विज्ञानाला शांतता. दोघांनाही हवे ते मिळाले, असे क्वचितच घडते. अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे असून कुलाबा–अलिबाग ही नोंदींची मालिका जगातील दीर्घतम मालिकांपैकी एक गणली जाते.

वीजनिर्मिती व मराठवाडा : सह्याद्रीच्या कड्यावरील पाणी खाली सोडून जनित्रे फिरविण्याची टाटांची योजना ८ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोली येथे कार्यान्वित झाली, त्यानंतर भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही केंद्रे निघाली. कोयनेचा पहिला संच १९६२ मध्ये सुरू झाला. ही सर्व केंद्रे घाटालगतची असून प्रारंभीची वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. १९४८ पर्यंत जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यामुळे मुंबई इलाख्यातील या वाढीचा लाभ त्याला मिळाला नाही. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यानंतरच मराठवाड्याच्या ग्रामीण विद्युतीकरणाला गती आली. परळी-वैजनाथ येथील औष्णिक केंद्राचे ३० मेगॅवॉटचे पहिले दोन संच १९७१ व १९७२ मध्ये चालू झाले. ते आता सेवेतून निवृत्त झाले आहेत. पैठण येथे जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी १२ मेगॅवॉटचा उत्क्रमी संच आहे. त्याचे यंत्र पाणी खाली येताना जनित्र असते, तर उलट फिरविल्यास पंपाची मोटार होते. हलता दांडा वीज देतो आणि वीज दिलेला दांडा हलतो, हे एकाच यंत्रात दाखविणारे याहून चांगले उदाहरण मराठवाड्यात नाही.

प्रवर्तन भट्टी : १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला जालना जिल्हा आज बांधकामाच्या पोलादी सळईसाठी ओळखला जातो. पाठ्यपुस्तकातील ‘संवाहक दांडा’ येथे टनावारी तयार होतो आणि तो ज्या भट्टीत वितळतो, तिचे तत्त्वही फॅराडे यांचेच आहे. मात्र येथे धातू हलत नाही, क्षेत्र बदलते. पाण्याने थंड ठेवलेल्या पोकळ तांब्याच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की, आतील मुशीत भरलेल्या भंगारात भोवरी प्रवाह उत्पन्न होऊन ते स्वतःच्याच रोधाने तापते व वितळते. सेबॅस्टियन झियानी द फेरांती यांनी या कल्पनेचे एकस्व १८८७ मध्ये घेतले. स्वीडनमध्ये गीसिंगे येथे चेलिन यांनी १९०० मध्ये तिच्यावर पोलाद बनविले आणि एडविन नॉर्थ्रप यांनी १९१६ च्या सुमारास गाभ्याविना चालणारी भट्टी सिद्ध केली. जालन्यातील भट्ट्या याच जातीच्या आहेत. वितळलेल्या धातूतील प्रवाहांवर क्षेत्राची प्रेरणा कार्य करीत असल्याने रस आपोआप ढवळला जातो, हा तिचा मोठा गुण होय.

एक टन भंगार वितळविण्यास साधारणतः ५५० ते ६५० युनिट वीज लागते. त्यामुळे भंगारानंतर विजेचा दर हाच या धंद्याचा सर्वांत मोठा खर्च असतो आणि दरातील प्रत्येक वाढीबरोबर कारखान्यांच्या पाळ्या कमी-जास्त होतात. सिलिकेचे अस्तर असलेल्या भट्टीत फॉस्फरस व गंधक काढून टाकता येत नाहीत. म्हणून भंगाराची निवड चुकली, तर पुढची कोणतीही प्रक्रिया ती चूक दुरुस्त करीत नाही. ओले किंवा बंद तोंडाचे भंगार रसात पडल्यास वाफेच्या दाबाने रस उसळतो. भट्टीवरच्या कामगाराच्या दृष्टीने भंगार निवडणारा माणूस हा विजेच्या तंत्रज्ञाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

पंपाची मोटार : जिल्ह्यातील सर्वाधिक लोकांचा या आविष्काराशी रोजचा संबंध येतो तो विहिरीवर. मोट व नंतर तेलावरची एंजिने यांची जागा घेणारी त्रिकला प्रवर्तन मोटार ही गालीलेओ फेरारीस व निकोला टेस्ला यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या कल्पनेवर आधारलेली असून तिचा पिंजरा पद्धतीचा घूर्णक मिखाइल दलीव्हा-दब्रव्होल्स्की यांनी १८८९ मध्ये योजिला. हा पिंजरा म्हणजे दोन कड्यांनी टोकांशी जोडलेले तांब्याचे वा ॲल्युमिनियमचे दांडे. बाहेरून त्यांना कोणतीही तार जोडलेली नसते. स्थिर भागातील वेटोळी फिरते क्षेत्र उत्पन्न करतात, ते क्षेत्र दांड्यांवरून सरकते, दांड्यांत प्रेरणा उत्पन्न होऊन प्रवाह वाहतो आणि दांडे क्षेत्रामागे धावू लागतात. त्यांनी क्षेत्राला गाठले, तर रेषा छेदल्या जाणार नाहीत, प्रवाह थांबेल व ओढही नाहीशी होईल. म्हणून मोटार नेहमी थोडी मागे राहते. दोन ध्रुवांच्या पंपात क्षेत्र मिनिटाला ३,००० फेरे घेते, तर घूर्णक सु. २,८८०. या मागे राहण्यास घसर म्हणतात.

वाहिनीच्या टोकाशी असलेल्या शेतकऱ्याची मोटार वारंवार का जळते, याचे उत्तर या घसरीत आहे. मोटारीची पिळशक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४१५ व्होल्टऐवजी ३०० व्होल्टच मिळाले, तर पिळशक्ती निम्म्याच्या आसपास येते. पाण्याचा भार ओढण्यासाठी घूर्णक अधिक मागे पडतो, घसर वाढते, क्षेत्र दांड्यांवरून अधिक वेगाने सरकते, प्रवाह वाढतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत जाऊन वेटोळ्याचे विद्युत् निरोधन जळते. तीनपैकी एक फेज गेली, तर थांबलेल्या मोटारीत फिरते क्षेत्रच तयार होत नाही. ती नुसती घुमते आणि तापते. यावर ग्रामीण भागात धारित्र म्हणजे कपॅसिटर जोडून दोन फेजवर मोटार चालविण्याची युक्ती रूढ झाली. ती पीक वाचविते, पण मोटारीचे आयुष्य कमी करते आणि रोहित्रावर असमतोल भार टाकते. ‘डीपी जळाली’ हे वाक्य रब्बीच्या दिवसांत खेडोपाडी ऐकू येते. त्यात दोष एकट्या शेतकऱ्याचा नसतो. लांबलेल्या वाहिन्या, अपुरी रोहित्रे आणि सर्वांच्या मोटारी एकाच वेळी चालू होणे या गोष्टी मिळून दाब कोसळतो व दाब कोसळला की प्रत्येक मोटार आणखी प्रवाह मागते.

शेतीला ठराविक तासच आणि पुष्कळदा रात्री वीज मिळत असल्याने पाणी देण्यासाठी अंधारात बांधावर जावे लागते. सर्पदंशाचे भय ही त्याची किंमत आहे. दिवसा वीज मिळावी यासाठी राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आणली. मागेल त्याला सौर कृषी पंप ही योजना २०२४ मधील. सौर पट्ट्यांत कोणताही दांडा फिरत नाही. तेथे प्रकाशापासून थेट एकदिश प्रवाह मिळतो. म्हणजे फॅराडे यांच्या तबकडीपासून चालत आलेले जनित्र या साखळीतून गळून पडते. मात्र विहिरीच्या किंवा बोअरच्या तळाशी पाणी उचलणाऱ्या मोटारीत हलत्या क्षेत्राला सामोरा जाणारा संवाहक राहतोच. २०१२–१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा अनेक विहिरींवर मोटार शाबूत होती, पण उपसण्यास पाणी नव्हते.